एकदा होऊन गेलं, तरी पुन्हा का होतं?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२० मध्ये त्यांना कोविड झाला. पुढे कोविशील्डचे दोन्ही डोस घेतले, तरी २०२२ च्या जानेवारीत पुन्हा पॉझिटिव्ह आल्या. त्यानंतर बूस्टर घेतला, तरी घरातल्या सगळ्यांबरोबर तिसऱ्यांदा झाला. तिन्ही वेळा घरीच बऱ्या झाल्या. गोवर-कांजिण्या जन्मात एकदाच होतात, मग हा आजार पाठ का सोडत नाही? आपली इम्युनिटीच संपली आहे का? अँटीबॉडी तपासून घ्याव्यात का? आणि सत्तरी ओलांडलेल्या, शुगर असलेल्या आईचं काय करायचं?

आधी सरळ उत्तर देतो. तुमची इम्युनिटी संपलेली नाही. तीनदा पॉझिटिव्ह येऊनही हॉस्पिटलची पायरी चढावी लागली नाही, ती बव्हंशी तिच्याच जोरावर. अँटीबॉडी तपासू नका, पैसे वाया जातील. आईंची गोष्ट वेगळी आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो. आता ‘का’ याकडे वळू, कारण या प्रश्नाला सगळीकडे जे उत्तर मिळतं ते अर्धवट आहे.

ते उत्तर म्हणजे ‘व्हायरस बदलतो’. बदलतो, हे खरंच. पण तेवढंच कारण असतं, तर न बदललेला व्हायरस पुन्हा होता कामा नये. प्रत्यक्षात होतो. आरएसव्ही नावाच्या विषाणूचंच बघा. तान्ह्या मुलांची छाती घरघरते, फासळ्या आत ओढल्या जातात, दूध पिताना दम लागतो, त्यामागे बहुतेकदा हा विषाणू असतो. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. फ्लूच्या मानाने हा फारसा रूप बदलत नाही. तरी मोठेपणी तो आपल्याला पुन्हा पुन्हा होतच असतो, फक्त आपण त्याला ‘सर्दी झालीय’ म्हणून सोडून देतो.

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात कॅरोलिन ब्रीस हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग केला होता. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुकताच आरएसव्ही होऊन गेला होता अशा १५ प्रौढांच्या नाकात, त्याच गटातला विषाणू काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा सोडला. दोनच महिन्यांत निम्म्या लोकांना पुन्हा संसर्ग झाला, आठ महिन्यांत दोन तृतीयांश लोकांना. सव्वीस महिन्यांत ७३ टक्के लोकांना दोन किंवा अधिक वेळा झाला. ज्यांच्या रक्तात अँटीबॉडी सर्वांत जास्त होत्या, त्यांनाही पुन्हा संसर्ग होण्याचा धोका २५ टक्के निघाला. हा आकडा लक्षात ठेवा, अँटीबॉडीच्या रिपोर्टबद्दल बोलताना तो लागणार आहे.

कोरोनाव्हायरसबद्दलही हे कोविडच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ ते १९९० या काळात कॉमन कोल्ड युनिट नावाची संस्था चालायची. तिथे स्वयंसेवक यायचे, त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकायचे आणि पुढचे काही दिवस त्यांचे वापरलेले रुमालसुद्धा मोजायचे. राहणं-खाणं फुकट, त्यामुळे बरेच जण सुट्टी घालवायला म्हणून जायचे! तिथला एक प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या सर्दीचा २२९-ई नावाचा कोरोनाव्हायरस १५ जणांना दिला. दहा जणांना संसर्ग झाला, त्यातल्या आठ जणांना सर्दी झाली. अँटीबॉडी साधारण दोन आठवड्यांत वर चढल्या, मग हळूहळू उतरत गेल्या. वर्षभराने तोच विषाणू त्यांना पुन्हा दिला. आधी संसर्ग झालेल्यांपैकी काहींना पुन्हा झाला, पण या वेळी विषाणू नाकातून कमी दिवस बाहेर पडला आणि सर्दी एकालाही झाली नाही.

तुमच्या प्रश्नाची निम्मी मेख इथेच आहे. संसर्ग होणं आणि आजारी पडणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो. शरीर मात्र दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पेशींकडून करतं. पहिली बाजू लवकर ढिली पडते, दुसरी बराच काळ टिकते. ॲमस्टरडॅममध्ये १९८० च्या दशकापासून ज्यांच्या रक्ताचे नमुने नियमितपणे जपून ठेवले होते अशा दहा पुरुषांचा अभ्यास २०२० मध्ये आला. साध्या सर्दीचे चार कोरोनाव्हायरस त्यांना वर्षानुवर्षं आलटून पालटून होत राहिले होते. एकच विषाणू साधारण १२ महिन्यांनी पुन्हा होणं हे नेहमीचंच होतं. या माणसांच्या इम्युनिटीत काहीही खोट नव्हती.

आता हे असं का होतं, ते नाकाच्या आत जाऊन बघू. नाकपुडीत दोन-तीन बोटं मागे गेलं की ओलसर, गुलाबी अस्तर लागतं. त्यावर शेंबडाचा पातळ थर, आणि खाली अतिसूक्ष्म केसांच्या पेशी हा थर सतत घशाकडे लोटत असतात. कोविडच्या दिवसांत स्वॅबची काडी जिथवर घालून डोळ्यांतून पाणी काढायचे, साधारण तिथवरचा हा प्रदेश. सर्दी-फ्लू-कोविडचा विषाणू उतरतो तो या अस्तरावर, आणि तिथल्याच पेशीत शिरून वाढायला लागतो. रक्तात जाण्याची त्याला गरजच नसते.

रक्तातल्या अँटीबॉडी मुख्यतः आयजीजी प्रकारच्या असतात. नाकाच्या अस्तरावर त्या फार थोड्या झिरपतात. तिथला खरा पहारा असतो आयजीए प्रकारच्या अँटीबॉडींचा, त्या अस्तराखालच्या पेशीच तयार करतात आणि त्या काही महिन्यांत ओसरू लागतात. विहीर तुडुंब भरलेली आहे, पण पाहुणा दारात आला तेव्हा ओसरीवरच्या माठात किती पाणी होतं हाच प्रश्न असतो. फुप्फुसाची गोष्ट निराळी. तिथल्या हवेच्या पिशव्या आणि रक्तवाहिन्या यांच्यामधली भिंत इतकी पातळ असते की रक्तातली आयजीजी तिथे बऱ्यापैकी पोचते. म्हणून दंडावर घेतलेली लस न्यूमोनियाला जितकी अडवते तितकी शेंबडाला अडवत नाही. पोलिओचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं आहे: टोचायची लस पांगळेपण टाळते, पण आतड्यात विषाणू वाढू न देण्याचं काम तोंडात पाजलेले थेंब जास्त चांगलं करतात. नाकातून द्यायची कोविडची लसही भारतात २०२२ मध्ये मंजूर झाली. पण तिची मुख्य चाचणी अँटीबॉडींची पातळी आणि सुरक्षितता मोजणारी होती. त्यामुळे ‘नाकातली घेतली की होतच नाही’ असं कुणी सांगत असेल तर मानू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. एकदा आजार होऊन गेला की शरीरात स्मृतिपेशी उरतात. तोच शत्रू पुन्हा दिसला की त्या जाग्या होतात, वाढतात, नव्या अँटीबॉडी ओतायला लागतात. पण याला तीन ते पाच दिवस लागतात. फ्लूचा विषाणू शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो. ओमायक्रॉनला साधारण तीन दिवस पुरतात. म्हणजे मदत निघेपर्यंत घसा धरलेला असतो, नाक वाहत असतं, आणि रॅपिड टेस्टवर दोन रेघा उमटलेल्या असतात. मदत पोचते ती विषाणू खाली छातीत उतरण्याच्या आत, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

गोवरचं गणित याच्या उलट आहे. तोही श्वासावाटेच शिरतो, पण तिथेच थांबत नाही. प्रतिकार करणाऱ्या पेशींवरच स्वार होऊन तो लसिकाग्रंथींत जातो, तिथून रक्तात, तिथून सगळ्या अंगभर, आणि मग पुन्हा श्वासनलिकेत येऊन दुसऱ्याकडे जायला निघतो. या प्रवासाला दहा ते चौदा दिवस लागतात आणि रस्ता रक्तातून जातो. स्मृतिपेशींना जागं व्हायला भरपूर वेळ, आणि अँटीबॉडी जिथे सर्वांत जास्त तिथूनच त्याची वाट. शिवाय रूप बदलायची मुभा त्याला फारशी नाही. पेशीला चिकटण्याचा त्याचा भाग बदलला तर तो स्वतःच निकामी होतो.

गोवरची इम्युनिटी किती टिकते याचा पुरावा मात्र प्रयोगशाळेतला नाही, उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांवरचा आहे. १८४६ मध्ये तिथे गोवरची साथ आली. ७,७८२ वस्तीपैकी सुमारे ६,००० लोकांना गोवर निघाला. डेन्मार्कहून पाठवलेला तरुण डॉक्टर पीटर लुडविग पानुम घरोघर हिंडला. त्याआधीची साथ १७८१ ची होती. तेव्हा लहानपणी गोवर झालेली जी म्हातारी माणसं त्याला भेटली, त्यांतल्या एकालाही या वेळी गोवर निघाला नव्हता. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर ही साथ आलेली नव्हती, म्हणजे आठवण ताजी करून देणारं कुणी नव्हतं. (कांजिण्यांबद्दल एक दुरुस्ती: त्या सहसा पुन्हा होत नाहीत, पण तो विषाणू शरीर सोडूनही जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येऊ शकतो.)

म्हणून ‘एकदाच होणारे’ आणि ‘परत परत होणारे’ अशी आजारांची विभागणी करताना तुमची ताकद किती हा प्रश्नच नसतो. विषाणू कुठल्या वाटेने जातो आणि किती घाई करतो यावर ही विभागणी ठरते. व्हायरस बदलण्याचा मुद्दा त्यानंतरचा.

फ्लूमध्ये मात्र तोही मोठा आहे. फ्लूच्या विषाणूची बाहेरची प्रथिनं दर वर्षी थोडी थोडी सरकतात, त्यामुळे लसीतले प्रकार वर्षातून दोनदा नव्याने ठरवावे लागतात. पण तो न बदलता परत आला तर काय होतं, हे जगाने एकदा पाहिलं आहे. १९५७ मध्ये एच१एन१ जातीचा फ्लू माणसांतून नाहीसा झाला, त्याची जागा एच२एन२ ने घेतली. १९७७ मध्ये एच१एन१ जवळपास जुन्याच रूपात अवतरला. मुख्यतः पंचविशीच्या आतलेच आजारी पडले. त्यांच्याहून मोठ्यांना वीस वर्षांपूर्वीची आठवण पुरली. २००९ च्या स्वाइन फ्लूतही (तोही एच१एन१ जातीचाच) याची सौम्य आवृत्ती दिसली. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा पुण्यातल्या अनेकांना आठवत असतील. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये पुण्यातच झाला, एका शाळकरी मुलीचा. फ्लूत एरवी गंभीर आजारी पडण्यात म्हातारे पुढे असतात. या साथीत जगभर पासष्टीच्या पुढच्या लोकांना लागण तुलनेने कमी झाली, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी १९५७ च्या आधीचा एच१एन१ पाहिलेला होता.

आता कोविडकडे. २०२० च्या वसंतात दक्षिण कोरियात बरे झालेले शेकडो लोक पुन्हा पॉझिटिव्ह येऊ लागले आणि जगभर घबराट उडाली. तिथल्या आरोग्य यंत्रणेने शंभरावर लोकांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवून पाहिला, एकाही नमुन्यात जिवंत विषाणू सापडला नाही. पीसीआर यंत्राला मेलेल्या विषाणूचे तुकडेही पॉझिटिव्हच दिसतात. म्हणून पहिल्या आजारानंतर महिन्याभराच्या आत पुन्हा केलेल्या पीसीआरला फार अर्थ नसतो. पुन्हा संसर्ग झाल्याचा पहिला पक्का पुरावा हाँगकाँगचा. ३३ वर्षांचा एक तरुण, पहिल्या वेळी सौम्य आजार, मग १४२ दिवसांनी युरोपहून परतताना विमानतळावरच्या तपासणीत पॉझिटिव्ह. लक्षण एकही नाही. दोन्ही वेळच्या विषाणूंची जनुकीय मांडणी वेगळी निघाली. पण लगेचच अमेरिकेत नेवाडातला एक तरुण समोर आला. दुसरा संसर्ग दीड महिन्याच्या आसपास, आणि या वेळी त्याला ऑक्सिजन लागला. तेव्हा ‘दुसऱ्यांदा नेहमी सौम्यच’ असा नियम नाही. बहुतेकांच्या बाबतीत तसं होतं, इतकंच.

आपल्याकडे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) कामापुरती व्याख्या ठरवली: दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवसांचं अंतर आणि मध्ये एक निगेटिव्ह. पहिल्या लाटेतल्या १,३०० लोकांना ती लावली तेव्हा ५८ जण, म्हणजे साडेचार टक्के, त्यात बसले. त्या काळी हा आकडा लहान होता.

पुढे तो का फुगला, हे मुंबई-पुण्याच्या उदाहरणावरून नीट कळतं. २०२० च्या जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, इमारतींत १६ टक्के. पुण्यात जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांत हे प्रमाण ५१.५ टक्के निघालं. लगेच ‘हर्ड इम्युनिटी आली’ म्हणून चर्चा रंगल्या. ब्राझीलमधल्या मनाउस शहरात तर तीन चतुर्थांश लोकांना होऊन गेल्याचा अंदाज होता. २०२१ च्या जानेवारीत मनाउसमध्ये ऑक्सिजन संपला, आणि मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे काय झालं ते कुणाला सांगायला नको. अँटीबॉडी असलेल्यांची टक्केवारी खरी होती. चुकलं ते गृहीतक: अँटीबॉडी म्हणजे कायमची सुटका, आणि समोरचा विषाणू तोच. डेल्टा तो नव्हता. ओमायक्रॉन तर त्याहून वेगळा. त्याच्या स्पाइक प्रथिनात (ज्याने तो आपल्या पेशीला चिकटतो) तिसाहून अधिक बदल होते, आणि २०२१ च्या जून-जुलैत देशातल्या ६७.६ टक्के लोकांत अँटीबॉडी असूनही २०२२ च्या जानेवारीत घरटी माणूस खोकत होता. तुमचा दुसरा संसर्ग त्या वेळचा आहे. तुम्ही काही वेगळ्या नव्हतात.

पण हॉस्पिटलं मागच्या वेळेसारखी भरली नाहीत. ओमायक्रॉन फुप्फुसात थोडा कमी रमतो, हे एक कारण. दुसरं कारण टी पेशी. अँटीबॉडी विषाणूचं बाहेरचं रूप पाहतात, ते बदललं की चकतात. टी पेशी संसर्ग झालेली पेशी ओळखून मारतात, आणि त्यांना विषाणूच्या आतल्या प्रथिनांचे तुकडेही चालतात, ते फारसे बदलत नाहीत. त्या संसर्ग अडवू शकत नाहीत, कारण पेशी बिघडल्यावरच त्यांचं काम सुरू होतं. पण आजार वाढू देत नाहीत. २००३ मध्ये सार्स (कोविडच्याच जातकुळीतल्या विषाणूचा आजार) होऊन गेलेल्या सिंगापूरमधल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनी त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या. बोनमॅरोत तळ ठोकून बसणाऱ्या, संथपणे अँटीबॉडी बनवत राहणाऱ्या पेशीही असतात. सौम्य कोविड झालेल्यांच्या बोनमॅरोत त्या सात ते अकरा महिन्यांनी मिळाल्या.

जगभरचे अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये काढलेला हिशेब असा: आधीचा संसर्ग झाल्यावर ४० आठवड्यांनी ओमायक्रॉनच्या पहिल्या प्रकाराच्या पुन्हा संसर्गापासून संरक्षण जेमतेम ३६ टक्के, पण हॉस्पिटल किंवा मृत्यूपासून संरक्षण जवळपास ८९ टक्के. सॉल्झबरीत नाकात थेंब टाकून जे दिसलं होतं तेच, कोट्यवधी माणसांवर.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवं. ‘प्रत्येक संसर्ग आधीच्यापेक्षा घातक’ अशी पोस्ट अधूनमधून फिरते. ती बहुधा अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या नोंदींवरच्या २०२२ च्या अभ्यासातून निघालेली आहे. त्यात पुन्हा संसर्ग झालेल्यांची तुलना पुन्हा न झालेल्यांशी होती, पहिल्या संसर्गाशी नव्हती. पुन्हा न होणं हे होण्यापेक्षा चांगलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. शिवाय तो गट बहुतांश वयस्कर पुरुषांचा. याचा अर्थ पुन्हा होण्याचं काहीच वाटून घेऊ नये असाही नाही. काही जणांना थकवा, धडधड, दम लागणं महिनोन्‌महिने रेंगाळतं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही होऊ शकतं. गर्दीच्या बंद खोलीत, साथ चालू असताना मास्क लावण्यात शरम कसली?

आता तुमची अँटीबॉडी टेस्ट. २०२१ पासून ओपीडीत लोक हे रिपोर्ट टेबलावर मांडत आले आहेत. जरा नीट बघा. एका लॅबच्या रिपोर्टवर ‘स्पाइक’ लिहिलेलं असतं, दुसरीच्या ‘न्यूक्लिओकॅप्सिड’ (विषाणूच्या आतलं एक प्रथिन). पहिली लसीनेही वाढते आणि संसर्गानेही. दुसरी कोविशील्डने वाढत नाही, कारण त्या लसीत फक्त स्पाइकची माहिती असते. कोव्हॅक्सिन संपूर्ण, मारलेल्या विषाणूची, त्यामुळे तिने वाढू शकते. दोन लॅबची किट वेगळी, एककं वेगळी, म्हणून पुण्यातले आठशे आणि ठाण्यातले आठशे सारखे नसतात. मग त्या आकड्याखाली छापलेलं असतं ‘पॉझिटिव्ह’, आणि माणूस खुश होतो. सहा महिन्यांनी आकडा निम्मा आला की रडवेला होतो. पहिल्या उसळीत तयार झालेल्या पेशी मरतात, म्हणून आकडा उतरणारच. तो उतरावा अशीच शरीराची रचना आहे. आजवर झालेल्या प्रत्येक सर्दीच्या अँटीबॉडी आपण पूर्ण भरात बाळगल्या असत्या तर रक्ताची रबडी झाली असती. आणि नाकात काय आहे, टी पेशी किती आहेत, हे या रिपोर्टात नसतंच. रॉचेस्टरचे ते २५ टक्के आठवा. आकडा कितीही मोठा आला तरी मी तुम्हाला ‘आता होणार नाही’ म्हणू शकत नाही, आणि कितीही लहान आला तरी औषध बदलणार नाही. ज्या तपासणीने निर्णय बदलत नाही ती करू नये. अपवाद आहेत: किडनी ट्रान्सप्लांट झालेले, रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण, रिटुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असलेले. तिथे ठरवायचं काम त्यांच्या डॉक्टरांचं.

काढे, गोळ्या, ‘इम्युनिटी बूस्टर’ची सरबतं यांवर फार लिहीत नाही. सुंठ-गवती चहाने घशाला बरं वाटतं, खुशाल घ्या. त्याने नाकातली आयजीए वाढते असा पुरावा नाही. झिंक आणि व्हिटॅमिन सीच्या पट्ट्या वर्षभर खाणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना मात्र उगाच काम.

खरोखर प्रतिकारशक्ती कमी असल्याची शंका कधी घ्यायची? परत परत न्यूमोनिया होतोय, सायनसमध्ये सतत पू होतोय, तोंडात पांढरी बुरशी येते, वजन उतरतंय, नागीण वारंवार किंवा अंगभर उठते, साध्या जखमा चिघळतात. असं काही असेल तर साखर, एचआयव्ही, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातल्या एकूण अँटीबॉडी) या तपासण्या कराव्यात. वर्षातून दोन-चार वेळा सर्दी-खोकला होणं यात मोडत नाही. लहान मूल शाळेत जात असेल तर जास्तही. आणि ‘मला बाराही महिने सर्दी’ म्हणणाऱ्या पुष्कळांना विषाणू नसतोच. सकाळी उठल्याबरोबर दहा शिंका, नाक-डोळे खाजणं, ताप अजिबात नाही, झाडलोट केली की वाढतं: ही ॲलर्जी. त्यांना नाकातला स्प्रे नीट मारायला शिकवला की निम्मी इम्युनिटी परत येते!

आईंबद्दल. सत्तरीनंतर नव्या टी पेशी फार कमी तयार होतात, आणि वाढलेली साखर पांढऱ्या पेशींना मंद करते. संसर्ग टाळण्याचं बळ त्यांच्यात तुमच्याइतकंच ढिलं, पण आजार आवरण्याचं बळही कमी. म्हणून त्यांच्या बाबतीत लसीचा हिशेब ‘झाला की नाही’ असा मांडू नका, ‘ॲडमिट व्हावं लागलं की नाही’ असा मांडा. फ्लूची लस दर वर्षी द्या. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून एप्रिल-मे हा चांगला काळ. ऑक्टोबरात घेतलेली लस पुढच्या जुलैपर्यंत बरीच उतरलेली असते. लस आणि विषाणू जुळले त्या वर्षी ती ४० ते ६० टक्के संरक्षण देते, ऐकायला कमी वाटतं, पण त्यांच्या वयाला ते मोलाचं आहे. दुकानात चारऐवजी तीन प्रकारांची लस मिळाली तर जुना माल समजू नका. फ्लूच्या बी जातीचा यामागाता वंश २०२० च्या मार्चनंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही. लॉकडाउन आणि मास्कने तो बहुधा कायमचा गेला. त्यामुळे चौथ्याची गरज उरलेली नाही. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची लसही द्या, कारण फ्लूनंतर म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा जिवाणूंचा न्यूमोनिया गाठतो. कोविडचा पुढचा डोस द्यायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. शेवटचा डोस किंवा शेवटचा संसर्ग कधीचा, यावर ते ठरेल.

घरात कुणाला ताप-खोकला आला की त्याचं जेवण-झोपणं आईंपासून वेगळं करा, खिडक्या उघड्या ठेवा, त्यांच्या खोलीत जाणाऱ्याने मास्क लावा. आईंनाच ताप आला तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी, हे पुणेकरांना २००९ पासून टॅमीफ्लूच्या नावाने माहीत आहे. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली, बोलताना धाप, जेवण टाकलं, किंवा अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, तर थेट हॉस्पिटल. म्हाताऱ्या माणसांत ताप न येता नुसता गोंधळ उडणं हेच कधी कधी न्यूमोनियाचं पहिलं लक्षण असतं. आणि शेजाऱ्याला लागू पडली म्हणून स्टेरॉइडची गोळी घरच्या घरी देऊ नका. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने ज्यांचे डोळे गेले, जबडे गेले, त्यांतल्या फार मोठ्या संख्येच्या मुळाशी बेताल साखर आणि स्टेरॉइड ही जोडगोळी होती.

अँटीबॉडीसाठी बाजूला काढलेल्या पैशांत आईंची एचबीए-वन-सी (मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) होईल. शेवटची कधी केली होती, किती आली होती, आणि सध्या गोळ्या आहेत की इन्सुलिन, हे तुमच्या प्रश्नात नाही. तेवढं कळवा, म्हणजे त्यांच्याबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.